नेरळचा इतिहास कोणत्या कपाटात आहे?

२ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांनी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले, हे नेरळ-कर्जतकडच्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. माथेरानच्या एका नाभिक कुटुंबात १९१२ साली जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. शेतकरी सावकाराच्या दारात जाऊ नये म्हणून त्यांनी धान्यकोठारे उभी केली. पुढे १९४२ च्या आंदोलनात ‘आझाद दस्ता’ उभारून मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडायला सुरुवात केली. मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील त्यांचे साथीदार. दरवर्षी हुतात्मा दिन होतो, मिरवणुका निघतात, २०२० मध्ये चित्रपटही आला. पण याच्या पलीकडचा एखादा प्रश्न विचारून पाहावा. दस्त्याला रात्री भाकरी पोचवणाऱ्या वाड्या कोणत्या होत्या? मनोरे पडल्यावर मुंबईच्या गिरण्यांवर नेमका काय परिणाम झाला आणि सरकार किती घाबरले? पोलिसांचे तळ कुठे पडले, खबऱ्यांना काय मिळाले, सामूहिक दंडाचा वटहुकूम कोणत्या गावांवर बजावला गेला? भाषणांतून या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. ती मिळतील ती मामलेदाराच्या अहवालात, कलेक्टरच्या पंधरवड्याच्या पत्रात, गृहखात्याच्या विशेष शाखेच्या फायलींत आणि खटल्यांच्या कागदांत. हे कागद कोणाला, कुठे आणि किती सहज वाचायला मिळतात यावर या तालुक्याला स्वतःचा इतिहास असणार की नुसती हुतात्म्यांच्या नावांची पाटी असणार, हे ठरते. सरकारी दफ्तरखाने लोकांना खुले असण्याचा प्रश्न मूठभर प्राध्यापकांच्या सोयीचा आहे असे आपण धरून चाललो आहोत, आणि ही समजूत फार महागात पडलेली आहे.

नेरळचे कागद आहेत तरी कुठे, हे आधी पाहू. कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. त्यामुळेच १८८२ च्या जुन्या गॅझेटियरमध्ये माथेरानचे वर्णन कुलाब्याच्या खंडात सापडत नाही, ठाण्याच्या खंडात सापडते. १८५० साली माथेरानचा डोंगर चढून गेलेला ह्यू मॅलेट हाही ठाण्याचाच कलेक्टर. म्हणजे १८९१ पूर्वीचा पत्रव्यवहार ठाण्याच्या नावाने लावलेला, त्यानंतरचा कुलाब्याच्या, म्हणजे अलिबागच्या नावाने. सिद्धगड मुरबाड तालुक्यात, म्हणून तिथल्या पंचनाम्याची वाट पुन्हा ठाण्याला जाते. वरिष्ठ पातळीवरचे कागद मुंबईत, काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात. या दफ्तराची सुरुवात १८२१ ची. पेशवाईतल्या गावांचे जमाखर्च पाहायचे तर पुण्याचे पेशवे दफ्तर गाठावे लागते. जंगलाचे कागद वनखात्याकडे, रेल्वेचे रेल्वेकडे. फेलोशिप घेऊन आलेला संशोधक महिनाभर मुंबईत मुक्काम टाकून हे सगळे धुंडाळू शकतो. नेरळच्या शाळेतल्या इतिहासाच्या शिक्षकाला मात्र दोन तास लोकलने जायचे, कार्यालयीन वेळेत मागणीपत्र भरायचे, फाईल बाहेर येण्याची वाट पाहायची आणि संध्याकाळची गाडी पकडून परतायचे, तेही रजा टाकून. त्याचा उत्साह कितीही दांडगा असला तरी असे किती दिवस चालणार? कागद जपून ठेवले आहेत, कायद्याने ते बघायला मनाईही नाही, आणि तरीही ज्यांच्याबद्दल ते लिहिले गेले त्यांच्यापर्यंत ते पोचत नाहीत. महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्यांची हीच कथा आहे.

दफ्तर उघडले की इतिहास किती बदलतो, याचा पुरावा आपल्याच घरात आहे. पेशवे दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर शतकभर ते मुख्यतः इनामांच्या चौकशीसाठी वापरले गेले. त्यातल्या कागदांवरून कोणी जमिनीचे, इनामाचे, वतनाचे दावे उकरून काढील ही सरकारला धास्ती होती, म्हणून अभ्यासकांना दार बहुतेक बंदच होते. न्यायमूर्ती रानड्यांच्या काळात रोजनिशींतले काही वेचे बाहेर आले, तेवढ्यावरून रानड्यांनी पेशवाईच्या करपद्धतीचा, न्यायाचा, समाजस्थितीचा विचार मांडला. इतिहासाचार्य राजवाडे मात्र गावोगाव फिरून वाडे, माळे आणि अडगळीच्या खोल्या धुंडाळत राहिले. १८९८ पासून निघालेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे खंड त्या पायपिटीतून उभे राहिले, आणि १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळही त्याच निष्ठेतून. सरकारच्या कुलपाआड कागदांचा डोंगर पडलेला असताना एवढ्या तोलाच्या माणसाला दारोदार जावे लागले, ही गोष्ट आजही जिवाला लागते. अखेर गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड छापले गेले. पहिल्या बाजीरावाच्या मोहिमा, पानिपतच्या आधीची पत्रे, उत्तरेतली मराठ्यांची उलाढाल यांबद्दल बखरींवर विसंबून लिहिण्याचे दिवस तिथे संपले. जदुनाथ सरकारांनी मोगल साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास लिहिताना या साधनांचा भरपूर उपयोग केला.

याच प्रकरणात एक सल राहिली. निवडीचे काम सरकारच्या विश्वासातल्या थोड्या माणसांकडे गेले, आणि पुण्याच्या मंडळातल्या अभ्यासकांची ‘दफ्तर सगळ्यांना उघडा’ ही मागणी बाजूला पडली. सरदेसाईंची विद्वत्ता आणि कष्ट यांबद्दल शंका नाही. पण हजारो रुमालांतून, म्हणजे कापडात बांधलेल्या गाठोड्यांतून, कोणते कागद महत्त्वाचे, हे ठरवणारी नजर राजकारण आणि लढाया शोधणारी होती. धान्याचे भाव, वेठबिगार, दुष्काळातल्या सुटी, गावकीची भांडणे, बलुत्यांचे हक्क असे विषय पुढच्या पिढ्यांनी रुमाल स्वतः उघडले तेव्हा वर आले. सामान्य वाचकाने या गोष्टीची खूणगाठ बांधावी. सरकारने निवडून छापलेले कागद उपयोगी असतातच, पण मूळ दफ्तरात हात घालायची मुभा ही वेगळी वस्तू आहे. निवडीत निवडणाऱ्याचे प्रश्न असतात. आपले प्रश्न विचारायचे तर रुमालाची गाठ आपल्याला सोडता आली पाहिजे.

नेरळच्या परिसरात याचे चांगले उदाहरण बोरघाटाचे आहे. १८५६ मध्ये रेल्वे कल्याणहून नेरळमार्गे घाटाच्या पायथ्याच्या खोपोलीपर्यंत आली आणि १८६३ मध्ये घाट चढून पुण्याच्या बाजूला पोचली. या घाटाची गोष्ट सहसा अभियंत्यांच्या हुशारीची म्हणून सांगितली जाते. फार तर सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार इथे आल्यावर लगेच वारला आणि त्याची पत्नी अॅलिस हिने काम पुरे करवले, एवढी भर पडते. पण सरकारी कागद वाचणाऱ्या अभ्यासकांना दुसरी गोष्ट दिसली. जानेवारी १८५९ मध्ये, आधीचा कंत्राटदार फॅव्हिएल याच्या कारकिर्दीत, मजुरीच्या थकबाकीवरून घाटातल्या मजुरांनी दंगा केला आणि सरकारला चौकशी करावी लागली. मुकादम आणि पोटकंत्राटदार मजुरी कशी अडवत, माणसे कशी आणली जात, पटकीची साथ आली की तळ कसा ओस पडे, हे कळायला दुसरे साधन नाही. मजुरांनी पत्रे लिहिली नाहीत, त्यांच्या बखरी नाहीत, त्यांच्या वंशजांना कदाचित आपला पणजा घाटात राबला हेही माहीत नाही. इयान कर यांनी भारतीय रेल्वेच्या बांधणीवर १९९५ साली जे पुस्तक लिहिले, त्यात या मजुरांना इतिहासात जागा मिळाली ती दफ्तरे पाहता आली म्हणून. ज्याने आयुष्यात कागदावर अक्षर उमटवले नाही, त्याचा इतिहास सरकारी कागदाशिवाय जवळजवळ लिहिताच येत नाही. श्रीमंतांच्या वंशावळी त्यांच्या घरात असतात. कातकऱ्याचे आणि ठाकराचे नाव बहुधा जंगलखात्याच्या दंडाच्या नोंदीतच सापडते.

१९४२ च्या बाबतीत वरचा मजला उघडला आणि खालचा तसाच राहिला. ब्रिटनने १९५८ च्या कायद्याने सरकारी कागद ५० वर्षांनी खुले करायचे ठरवले होते, १९६७ मध्ये ही मुदत ३० वर्षांवर आणली, आणि त्याच सुमारास भारतातल्या सत्तांतराचे कागद छापायचा निर्णय झाला. १९७० पासून त्याचे १२ खंड निघाले. ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी चर्चिल यांना, हे १८५७ नंतरचे सर्वांत गंभीर बंड आहे असे कळवले होते, आणि त्याचे गांभीर्य आपण जगापासून लपवले असेही म्हटले होते, ही गोष्ट आज पाठ्यपुस्तकातल्यासारखी सांगता येते ती त्या खंडांमुळे. मुंबई सरकारनेही १९५७ पासून स्वातंत्र्य चळवळीच्या इतिहासाची साधने सरकारी दफ्तरांतून छापायला घेतली, आणि य. दि. फडक्यांसारख्या अभ्यासकाने अशा कागदांच्या आधारे विसाव्या शतकातला महाराष्ट्र उभा केला. परंतु व्हाइसरॉयच्या तारेत नेरळ नसते. नेरळ असते फौजदाराच्या रोजनाम्यात. हे खालचे कागद काही पुराभिलेखागारात आले, काही पोलिसांच्या स्वतःच्या दफ्तरात राहिले, जिथे जायला वेगळी परवानगी लागत आली आहे, आणि काही जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्ये यादीशिवाय पडले. चळवळ मुंबईच्या गवालिया टँकवर सुरू झाली आणि साताऱ्यात पत्री सरकार झाले, एवढ्या दोन टोकांमध्ये आपला १९४२ अडकून राहण्याचे हेही एक कारण आहे.

कायद्याने हे दार बंद नाही. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ चा आहे, आपल्या राज्याचा २००५ चा. केंद्राच्या कायद्यात प्रत्येक खात्याला अभिलेख अधिकारी नेमावा लागतो, आणि कायदा मोडून अभिलेख नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. माहितीच्या अधिकाराच्या कलम ८(३) प्रमाणे २० वर्षांहून जुन्या घटनेची माहिती, काही ठरावीक अपवाद वगळता, नाकारता येत नाही. मग अडते कुठे? पहिली अडचण कागद दफ्तरखान्यापर्यंत पोचतच नाहीत ही. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराच्या महासंचालकांनी जाहीरपणे सांगितले की १९६२, १९६५ आणि १९७१ या युद्धांचे आणि हरितक्रांतीचेही कागद मंत्रालयांनी त्यांच्याकडे पाठवलेले नाहीत. आपल्याकडे २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली आणि वरचे मजले फायलींसकट जळाले. जुने कागद वेळच्या वेळी पुराभिलेखागाराकडे जाण्याची शिस्त का हवी, हे त्या दिवशी साऱ्या राज्याने टीव्हीवर पाहिले. दुसरी अडचण केंद्राच्या कायद्यातल्या शब्दांची आहे. जुने कागद ‘प्रामाणिक संशोधकाला’ पाहता येतील असे तिथे म्हटले आहे. प्रामाणिक कोण, हे ठरवताना विद्यापीठाचे पत्र, ओळखपत्र, मार्गदर्शकाची सही यांना वजन येते. पणजोबांच्या शिक्षेचा कागद शोधणारा शेतकरी किंवा गावाचा इतिहास लिहू पाहणारा पोस्टमास्तर या व्याख्येत कसाबसा बसतो.

दफ्तरे सर्वांना उघडण्यावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप दफ्तरखान्यांत काम करणाऱ्यांचाच असतो: कागद ठिसूळ आहेत, हाताळले की तुकडे पडतात, माणसे कमी, मोडी वाचणारे त्याहून कमी, आणि सगळे स्कॅन करायला पैसा कुठून आणायचा? यातला प्रत्येक शब्द खरा आहे. पण २०२३ च्या शेवटी काय झाले ते आठवावे. मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि राज्यभर तहसील कचेऱ्या, भूमी अभिलेख, शाळा, तुरुंग, पोलीस ठाणी यांच्या कपाटांची कुलपे निघाली. मोडी जाणणाऱ्यांना शोधून बोलावले गेले, पाने स्कॅन झाली, जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर याद्या चढल्या. काही महिन्यांत ५० लाखांहून अधिक नोंदी सापडल्या. आरक्षणाच्या वादाबद्दल कोणाचे काहीही मत असो, एक गोष्ट त्यातून सिद्ध झाली. शासनाने मनावर घेतले तर गावपातळीचे दफ्तर उघडते, वाचले जाते आणि लोकांपर्यंत जाते.

त्या शोधात सर्वांत जास्त चाळला गेला तो गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. त्याचे एक पान नीट पाहण्यासारखे असते. आडव्या मोठ्या कागदावर हाताने आखलेले रकाने, बोरूने किंवा टाकाने लिहिलेले मोडी, नाव, बापाचे नाव, जात, वय, आणि मरणाचे कारण. कारणाच्या रकान्यात ‘ताप’, ‘पटकी’, ‘देवी’ असे मोजकेच शब्द फिरून फिरून येतात. कुणबी दाखला शोधणारा जातीच्या रकान्यावर बोट ठेवतो आणि पान उलटतो. इतिहासकाराला तेच पान शेजारच्या रकान्यासाठी हवे असते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या आसपास माणसे मेली असे मानले जाते. हा आकडा वाचून काहीच डोळ्यांपुढे येत नाही. एका वाडीची नोंदवही घेऊन त्या वर्षीच्या ऑक्टोबरमधली मरणे वयावार मोजली, तर साथ तरण्याताठ्या माणसांना कशी घेऊन गेली ते कळते. नोंदी स्कॅन झाल्याच आहेत. खर्चाचा मोठा भाग होऊन गेला आहे. त्या प्रतिमा फक्त दाखल्यांच्या कामापुरत्या न ठेवता मृतांच्या जुन्या नोंदी अभ्यासाला खुल्या करणे एवढेच उरते.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आणि सामाजिक शांततेचा. जुन्या कागदांतून जातीजातींत वाद उकरले जातील, कोणाचा पूर्वज खबऱ्या निघेल, सरकारची नामुष्की होईल. यातली वैयक्तिक बाब मी मान्य करतो. जिवंत माणसांची वैद्यकीय, कौटुंबिक, गुन्ह्यांची माहिती मुदतीआधी उघडू नये, आणि जगातले बहुतेक कायदे ही काळजी घेतात. पण झाकून ठेवल्याने शांतता राहते, हे अनुभवाला धरून नाही. नेताजी सुभाषचंद्र बोसांच्या फायली दशकानुदशके गुप्त राहिल्या, त्या काळात अफवांना ऊत आला. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने त्यातल्या १०० फायली खुल्या केल्या तेव्हा देशात काही आकाश कोसळले नाही. कागद झाकून काय झाकले जाते, याचे उदाहरण ब्रिटननेच दिले. केनियातल्या माऊ माऊ बंडात छळ सोसलेल्या वृद्धांनी लंडनच्या न्यायालयात दावा लावला, त्या ओघात २०११ मध्ये हॅन्सलोप पार्क या ठिकाणी दडवलेल्या हजारो वसाहती फायली असल्याचे कबूल करावे लागले, आणि २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारने पाच हजारांहून अधिक माणसांना भरपाई दिली. तिथे सुरक्षितता होती ती अधिकाऱ्यांच्या अब्रूची.

सर्वांत वजनदार आक्षेप तिसरा आहे, आणि तो खुद्द गावातूनच येतो. सरकारी कागद म्हणजे सरकारची नजर. आझाद दस्ता गावाच्या मनात क्रांतिकारकांचा, पोलिसांच्या कागदांत तो फरारी घातपात्यांचा. मग तेच कागद आधाराला घेऊन आपण हुतात्म्यांना पोलिसांच्या डोळ्यांनी पाहायचे का? हा धोका आहेच, आणि कागद वाचणाऱ्याने तो विसरू नये. परंतु फौजदार काय म्हणतो याहून तो नकळत काय सांगून जातो, ते महत्त्वाचे असते. अमुक वाडीत चौकशी केली, कोणी काही बोलले नाही, असे त्याने लिहिले असेल तर त्या वाडीने धरलेल्या मौनाचा तो पक्का पुरावा आहे, आणि वाडीजवळ तो दुसऱ्या कशानेही दाखवता येणार नाही. ज्यांना त्या वाड्या, त्या आडवाटा, ती आडनावे माहीत आहेत तेच असा कागद नीट वाचू शकतात. परदेशी विद्यापीठातला संशोधक त्यातले धोरण वाचील. गावचा माणूस त्यात आपल्या आजीने सांगितलेली गोष्ट ताडून पाहील, आणि दोन्ही जुळले नाहीत तर दोन्हींना प्रश्न विचारील. सरकारी नजरेवर उतारा हवा असेल तर वाचणारे वाढवावे लागतात.

ही केवळ गतकाळाची हौस नाही, हे कर्जत-खालापूरच्या आदिवासी वाड्यांना चांगले कळते. २००६ च्या वनहक्क कायद्याखालच्या नियम १३ मध्ये पुरावा म्हणून गॅझेटियर, जनगणना, सर्व्हे-सेटलमेंटचे अहवाल, नकाशे, वनखात्याच्या कार्ययोजना, चौकशी अहवाल हे सारे चालते असे लिहिलेले आहे. आदिवासींखेरीज इतर पारंपरिक वननिवाशांना तर तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. कायदा जो पुरावा मागतो तो सरकारच्याच कपाटात आहे, आणि कपाटाची यादी अर्जदाराकडे नाही. इथे इतिहासाचे संशोधन आणि पोटाचा प्रश्न एकाच कागदावर येऊन ठेपतात.

म्हणून मागणी साधी असावी. राज्य पुराभिलेखागाराच्या फायलींच्या सूच्या तालुकावार लावून इंटरनेटवर पूर्ण चढवाव्यात. सूची मिळाली तर नेरळच्या माणसाची फेरी फुकट जात नाही. जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममधले १९६० पूर्वीचे कागद, कायम जपायच्या ‘अ’ वर्गाचे असोत वा मुदत संपून रद्दीत निघालेले असोत, पुराभिलेखागाराला दाखवल्याशिवाय नष्ट करू नयेत. वाचण्याची परवानगी संशोधकाच्या पात्रतेशी न जोडता नागरिकाच्या ओळखपत्राशी जोडावी. आणि वरून हे होण्याची वाट न पाहता खालून सुरुवात करता येते. माहितीच्या अधिकाराच्या कलम ४(१)(क) प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने आपल्या अभिलेखांची सूची तयार ठेवणे बंधनकारक आहे. नेरळ ग्रामपंचायत, माथेरान नगरपरिषद, कर्जत आणि खालापूरची तहसील कार्यालये, वनपरिक्षेत्राची कचेरी, जुन्या शाळा, या प्रत्येक ठिकाणी १९६० पूर्वीचे कोणते अभिलेख आहेत त्यांची यादी मागा. शिक्षकांनी मागावी, वाचनालयांनी मागावी, हुतात्मा स्मारकांच्या समित्यांनी तर आवर्जून मागावी. अर्ज दीडशे शब्दांत बसतो, त्याला दहा रुपये लागतात, आणि ३० दिवसांत उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक आहे.